आज काही केलं नाही

आमच्या लहानपणी सूप या वस्तूला दोनच कामं होती. एक पाखडायचं आणि दुसरं वाजायचं. घरात आजी सुपानं तांदूळ पाखडायची आणि वर्तमानपत्रात अधिवेशनाचं सूप वाजायचं. पिण्याचं सूप आमच्या गिरगावातल्या चाळीत आलं ते डॉक्टरांच्या तोंडून. टायफॉइडमधून उठलेल्याला ते टोमॅटोचं सूप द्यायला सांगत. त्यामुळे कुणाच्या हातात वाफाळता कप आणि चमचा दिसला की 'आता कसं वाटतंय?' असं विचारायची चाळीत पद्धतच पडली होती. आमच्या संस्कृतच्या मास्तरांचं म्हणणं असं की, हा शब्द मूळचा आपलाच. आपल्याकडे सूप म्हणजे वरण आणि सूपकार म्हणजे आचारी. इंग्रजांनी इतर मालाबरोबर तोही बोटीवर चढवला. पुढे मी कॉलेजात इतिहास शिकवायला लागलो तेव्हा कळलं की इंग्रजांनी पुष्कळ काही नेलं, पण हे नाही. त्यांना तो शब्द फ्रेंचांकडून मिळाला आणि फ्रेंचांकडे तो जर्मन टोळ्यांच्या बोलीतून आला. अर्थ होता रश्शात बुडवलेला पावाचा तुकडा. म्हणजे आधी पाव हाच सूप होता. मग पावावर ओतलेला रस्सा सूप झाला आणि शेवटी पाव बाजूच्या बशीत जाऊन बसला. घरावर पाटी ज्याच्या नावाची, त्याची खाट ओसरीवर, त्यातला प्रकार.

हे सगळं उकरून काढायचं कारण म्हणजे आमच्या लेकीकडचा बुधवार. लेक न्यू जर्सीत असते. आम्ही उभयता अधूनमधून सहा-सहा महिने तिच्याकडे जाऊन राहतो. बुधवारी ती कामावरून सव्वासहाला येते, नातवाला पोहण्याच्या क्लासहून उचलून आणते आणि कोट काढता काढता स्वयंपाकघरातून ओरडते, "आई, आज काही केलं नाही हं! नुसतं सूप आहे."

हे 'काही नाही' करताना मी तिला खुर्ची टाकून बसून पाहिलं आहे. चांगलं दणकट भांडं घेते. सॉसेजचं आवरण सुरीनं उभं चिरून आतला खिमा भांड्यात सोडते, आणि तो खालून तांबूस होईपर्यंत त्याला हात लावू देत नाही. तळाला जे चिकटतं तीच खरी चव, असं तिचं मत. मग त्या सुटलेल्या चरबीतच कांदा, भरपूर लसूण, चमचाभर मैदा. त्यावर टोमॅटोचा डबा आणि खोक्यातला तयार स्टॉक. त्याला उकळी आली की नळ्यांचा किंवा शिंपल्यांचा पास्ता त्यातच शिजायला टाकते. त्याचा स्टार्च रश्शात उतरतो आणि रस्सा अंगचाच दाट होतो. दहा मिनिटांनी दोन मुठी पालक. आच बंद. आणि मग सगळ्यात शेवटी क्रीम. इथं दूध चालत नाही, कारण टोमॅटोच्या आंबटपणानं ते फाटतं. तिकडे 'हेवी क्रीम' म्हणून जे विकतात त्यात कायद्यानं निदान ३६ टक्के स्निग्धांश लागतो. एवढा स्निग्धांश असला की ते फाटायचं नाव घेत नाही. वरून किसलेलं चीज. पस्तीस मिनिटांत चार माणसांचं जेवण आणि जावयाचा उद्याचा डबा. आमच्याकडे एवढ्या वेळात कुकरचं झाकण सापडतं.

फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाखाली या पदार्थाचं कात्रण अडकवलेलं आहे. त्यावर नाव आहे, 'आजीचं तोस्कानी सूप'. आता इतिहासाच्या मास्तरासमोर कुणी 'आजी' म्हटलं की त्याला आधी साल विचारावंसं वाटतं. कुठली आजी? तोस्काना प्रांतातली? केव्हाची? मी गावच्या वाचनालयात जाऊन बसू लागलो. तिथलं हीटर चांगलं आहे, हेही एक कारण.

भांड्यातल्या मंडळींत वयानं सगळ्यांत वडीलधारं सॉसेज. होमरच्या 'ओडिसी'त झोप न आलेला नायक अंथरुणात कूस बदलत असतो. कवी म्हणतो, चरबी आणि रक्त भरलेला कोथळा विस्तवावर परतणारा माणूस जसा तो इकडून तिकडे उलथतो, तसा. जगातल्या एका श्रेष्ठ महाकाव्यातली ही उपमा मी हिला मोठ्या उत्साहानं सांगितली. ही शाकाहारी. म्हणाली, "अहो, निदान पान वाढल्यावर तरी नको." ॲरिस्टोफेनिसनं तर इसवी सनापूर्वी ४२४ साली एका सॉसेजवाल्यालाच नाटकाचा नायक केला. त्याला अथेन्सचं पुढारीपण मिळतं ते कशाच्या जोरावर? शिक्षण नाही, कुळ नाही, आणि आवाज मोठा. याहून जास्त बोलायला मी वाचनालयाबाहेर पडल्यावर तयार आहे.

इटलीचं सॉसेज मात्र लुकानिया नावाच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ मुलखातलं. व्हारो नावाचा रोमन पंडित लिहून गेलाय की आमच्या शिपायांनी ही चीज लुकानियाच्या लोकांकडून शिकून घेतली. म्हणून तिचं नाव 'लुकानिका'. मुलूख जिंकला, पण नाव काही पुसता आलं नाही. आजही उत्तर इटलीत लुगानेगा, ग्रीसमध्ये लुकानिको, स्पेनमध्ये लोंगानिसा. आपिशिअसच्या नावावर जो रोमन पाकग्रंथ आहे त्यात हिची कृती दिली आहे. कुटलेलं डुकराचं मांस, चरबी, चिलगोज्याच्या जातीचे दाणे, माशाचं आंबवलेलं पाणी, जिरं आणि मिरी. आतड्यात भरा आणि धुरावर टांगा. यातली मिरी आपल्या मलबारची. प्लिनी तिच्या नावानं बोटं मोडत असे. हिला ना रूप ना गोडी, नुसता तिखटपणा, आणि तेवढ्यासाठी हिंदुस्थानातून आणायची! त्याच्या हिशेबानं हिंदुस्थानच्या व्यापारात रोमचे वर्षाला पाच कोटी सेस्टर्स जात होते. लेकीच्या सुपावर मी मिरपूड घालतो तेव्हा मनातल्या मनात थोडी वसुली करतो.

सॉसेज म्हणजे चैन, असं आपल्याला वाटतं. ती चैन नव्हती. वर्षातून एकदा डुक्कर मारायचं आणि वर्षभर पुरवायचं. चांगले तुकडे धन्याच्या घरी किंवा बाजारात गेले की उरलेलं बारीक करून, मीठ-मसाला लावून, आतड्यात भरून टिकवायचं. पोर्तुगीजांनी तीच युक्ती गोव्यात आणली. गोव्यात तिला माडाच्या सुरीची आंबट शिर्का आणि तिखट लाल मिरची भेटली आणि तिचं 'चोरीस' झालं. पाऊस लागायच्या आत उन्हात सुकवून ठेवायच्या त्या माळा. आमच्या चाळीच्या मागे खोताच्या वाडीत एका आंटींच्या चुलीवर अशा माळा टांगलेल्या असत. संध्याकाळी त्यांचा वास सुटला की आमच्या मजल्यावरची शुद्ध शाकाहारी मंडळी खिडक्या लावायच्या नावाखाली खिडकीपाशी उभी राहत.

अमेरिकेतल्या दुकानात 'इटालियन सॉसेज' म्हणून जे मिळतं त्याची ओळख आणखी वेगळी. तिथल्या सरकारी नियमानुसार त्यात मीठ, मिरी, आणि बडीशेप किंवा तिच्याच वासाचं ॲनिस असलंच पाहिजे. बडीशेप नसेल तर त्याला 'इटालियन' म्हणता येणार नाही! ज्या गोष्टीनं आपलं जेवण संपतं तिनं त्यांचं नागरिकत्व ठरतं.

पास्त्याच्या बाबतीत आपल्या सगळ्यांची समजूत एकच असते. मार्को पोलोनं तो चीनहून आणला. नातवाच्या शाळेतही हेच सांगितलंय. ही गोष्ट पसरवण्यात अमेरिकेतल्या शेवया-कारखानदारांच्या एका मासिकाचा मोठा हात होता. त्यांच्या 'मॅकरोनी जर्नल'मध्ये १९२९ साली ती खुमासदार रीतीनं छापून आली. खरी कागदपत्रं रुक्ष असतात, पण ती आहेत. जिनोआच्या उगोलिनो स्कार्पा नावाच्या नोटरीनं १२७९ साली एका शिपायाच्या मालमत्तेची यादी केली. तीत मॅकरोनीनं भरलेली एक टोपली नोंदलेली आहे. मार्को पोलो व्हेनिसला परतला १२९५ साली. त्याच्याही आधी, ११५४ साली, अल् इद्रीसी हा अरब भूगोलकार सिसिलीच्या राजाच्या पदरी बसून लिहितो की, पालेर्मोजवळच्या त्राबिया गावात पुष्कळ पाणचक्क्या आहेत आणि तिथल्या शेवया जहाजंच्या जहाजं भरून मुसलमानी आणि ख्रिस्ती मुलखांत जातात. वाळवलेली शेवई ही अशी प्रवासाची वस्तू. कडक गव्हाच्या रव्याची, उन्हात खडखडीत वाळलेली, वर्षभर न किडणारी.

इथं हिनं प्रथमच माझ्या संशोधनात रस घेतला. "म्हणजे बोटव्या-मालत्याच की," ती म्हणाली. "आणि हा तुमचा तांदळासारखा दिसणारा पास्ता, त्याला काय म्हणतात?" ओर्झो, मी सांगितलं; म्हणजे जव. "आमच्या रुखवतात गव्हले होते ते पाहायला तुम्हांला वेळ नव्हता," असं म्हणून ती उठून गेली. त्यांनी जवाचं नाव दिलं, आपण गव्हाचं. चिमटीत कणीक धरून एकेक दाणा वळणाऱ्या बायकांची बोटं दोन्हीकडे सारखीच दुखली असणार.

पंधराव्या शतकात मार्तिनो नावाच्या नामांकित आचाऱ्यानं सिसिलीच्या मॅकरोनीची कृती लिहिली, त्यात म्हटलंय की ती दोन तास उकळा. आज पास्ता दाताला किंचित लागला नाही तर माणसाला अडाणी ठरवणाऱ्या देशाचा हा पूर्वज! आणि ज्या नेपल्सची मॅकरोनी जगभर गाजली, तिथले लोक सतराव्या शतकापर्यंत 'पालाखाऊ' म्हणून ओळखले जात. त्यांचं रोजचं अन्न म्हणजे पालेभाजी आणि जमलं तर तिच्यात डुकराचे काही तुकडे. मग शहरात माणसं वाढली, मांस महागलं, पास्ता दाबून काढायची यंत्रं आली, शेवई स्वस्त झाली, आणि पालाखाऊंचे 'मॅकरोनीखाऊ' झाले. रस्त्यावर उभं राहून, मान वर करून, हातानं खाणारे.

त्या जुन्या पालेभाजीच्या सुपाचं नाव होतं 'मिनेस्त्रा मारिताता'. मारिताता म्हणजे लग्न लागलेली. पाला आणि मांस यांचा जोडा छान जमला, एवढाच त्याचा अर्थ. हे सूप स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत आलं. तिथं त्यात बारीक पास्ता पडला, मांसाचे लहान गोळे पडले, आणि नावाचं भाषांतर झालं 'वेडिंग सूप'. आज पिट्सबर्गच्या बाजूला ते घरोघरी खातात, आणि पुष्कळांना वाटतं की इटलीत म्हणे लग्नात हेच वाढतात! कांद्याची पात आणि बेसन यांचं जमतं म्हणून झुणक्याला कुणी 'विवाहभोजन' म्हणावं, तसं झालं. वास्तविक नेपल्समध्ये हे सणाचं अन्न, नाताळ आणि ईस्टरच्या सुमाराचं.

आता ही स्थलांतरित मंडळी. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत आले. बहुतेक सगळे दक्षिणेतले, शेतमजूर. इटलीच्या संसदेनं १८७७ साली शेतीच्या स्थितीची चौकशी सुरू केली होती. खेड्यांतल्या माणसाच्या ताटात काय पडतं ते तिच्या अहवालांतून बाहेर आलं, आणि ते वाचवत नाही. उत्तरेत नुसता मका खाऊन पेलाग्रा व्हायचा. दक्षिणेत मांस म्हणजे वर्षाकाठी मोजक्या सणांची गोष्ट. हीच माणसं न्यूयॉर्कला उतरली, बोगदे खणले, विटा वाहिल्या, आणि आठवड्याच्या मजुरीत मांस घेता येतं हे पाहून चकित झाली. गावी सणाला मिळणारं सॉसेज इथं मंगळवारी मिळू लागलं. म्हणजे आपल्या कात्रणावरची 'आजी' तोस्कानातल्या निवांत मळ्यातली नाहीच. ती न्यूयॉर्कच्या खुराड्यात चौथ्या मजल्यावर राहणारी, दिवसभर तयार कपड्यांवर बटणं शिवणारी बाई.

तिच्याकडे तपासणीला येणाऱ्या समाजसेविका असत. भल्या बाया, पण लसणाचा वास आला की त्या नाक मुरडत. मांस, भाजी, पास्ता सगळं एकत्र शिजवलेलं अन्न पचायला जड, असं तेव्हाचं आहारशास्त्र सांगे. जो घरी अजून शेवयाच खातो तो अमेरिकन व्हायचा बाकी आहे, असा सरळ हिशेब. त्यांच्या स्वतःच्या पाकशाळांत मात्र सगळ्यावर पांढरा सॉस ओतत. मैदा, लोणी, दूध. फॅनी फार्मरबाईंचं बोस्टनचं पाकपुस्तक १८९६ साली आलं, त्यात चमचे सपाट करून मोजायला शिकवलंय आणि पांढरा सॉस तर ठायी ठायी आहे. भाजी झाका, मासा झाका, उरलेलं झाका. सभ्यपणाचा रंग पांढरा.

मला हे वाचताना हसू आलं नाही. आमची लेक जानेवारीच्या कडाक्यात फोडणी द्यायच्या आधी खिडकी उघडते. हिंगाचा वास कोटांना लागू नये म्हणून कोट कपाटात, कपाटाचं दार बंद, दाराच्या फटीला टॉवेल. ती पहिल्यांदा तिथं नोकरीला लागली तेव्हा लिफ्टमध्ये कुणीतरी नाक ओढून, कसला वास येतोय, असं नुसतं विचारलं होतं. विचारणाराच्या मनात काही नसेलही. पण त्यानंतर दोन वर्षं तिनं आठवड्याच्या मधल्या दिवशी फोडणी केली नाही. सॉसेजचं सूप तिच्या घरात शिरलं ते असं. त्याचा वास लिफ्टमध्ये कुणी विचारत नाही. शंभर वर्षांपूर्वी विचारत होते.

आता क्रीम. आमच्या लेकीच्या शेजारी ऐंशीच्या पुढच्या एक बाई राहतात. त्यांची आजी नेपल्सजवळच्या खेड्यातून आलेली. त्यांना मी हे कात्रण दाखवलं. चष्मा लावून त्यांनी ते सावकाश वाचलं आणि म्हणाल्या, "क्रीम? आमच्या आजीच्या हाती एवढं क्रीम लागलं असतं तर तिनं ते विकून पोरांना बूट आणले असते."

मग ते आलं कुठून? याचं उत्तर आमच्या पायाखालीच होतं. न्यू जर्सीतल्या कॅम्डेन गावात १८९७ साली जॉन डोरन्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं कॅम्पबेलच्या कारखान्यात सूप आटवून डब्यात भरायची रीत काढली. पाणी गेलं, डबा लहान झाला, वाहतूक स्वस्त झाली. घरी डबाभर सूप आणि डबाभर पाणी, झालं सूप! १९३४ साली त्याच कंपनीचं 'क्रीम ऑफ मशरूम' आलं आणि ते प्यायच्या ऐवजी बायका स्वयंपाकात सॉस म्हणून घालू लागल्या. फार्मरबाईंचा पांढरा सॉस आता डब्यातून यायला लागला, ढवळायचीसुद्धा गरज नाही. दरम्यान पहिल्या महायुद्धात इटलीचा पास्ता यायचा थांबला म्हणून अमेरिकेत त्याचे कारखाने निघाले होते. मार्क कार्लटन या सरकारी तज्ज्ञानं शतकाच्या वळणावर रशियातून आणलेला कडक गहू त्यांच्या कामी आला. शेवई खाणारा आता परका राहिला नाही. एकीकडून बटणं शिवणाऱ्या बाईचा लसूण आणि सॉसेज आले, दुसरीकडून समाजसेविकेचा पांढरा सॉस आला, आणि दोघींचा तह एका भांड्यात झाला. तहाच्या कागदावर दोघींपैकी कुणाचीच सही नाही. सही 'तोस्काना'ची!

त्या नावाचंही सांगतो. तोस्कानातल्या लोकांना बाकीचे इटालियन 'घेवडेखाऊ' म्हणतात. त्यांचं खरं सूप म्हणजे पांढरा घेवडा, काळसर पानांचा केल आणि शिळा पाव. त्यात क्रीम नाही. दुसऱ्या दिवशी तेच उकळलं की 'रिबोल्लिता'. शब्दशः पुन्हा उकळलेलं. सॉसेज, बटाटा, केल आणि क्रीम घातलेलं जे 'तोस्कानी सूप' अमेरिकेला ठाऊक आहे, ते घराघरांत पोचवलं 'ऑलिव्ह गार्डन' या हॉटेलमालिकेनं. तिचं पहिलं हॉटेल १९८२ साली फ्लोरिडातल्या ओरलँडोला निघालं. काढणारी जनरल मिल्स, म्हणजे पीठ आणि न्याहारीचे पोहे विकणारी कंपनी. बटाट्याच्या जागी पास्ता घातला की झालं आमचं बुधवारचं सूप. तेव्हा आजीचं वय निघालं. आमच्या लेकीहून दोनच वर्षांनी मोठी.

यावर इटलीची माणसं काय म्हणतील ते ओघानंच आलं. बोलोन्याच्या व्यापार मंडळात १९७२ साली तालियातेल्ले या पास्त्याची सोन्याची पट्टी करून ठेवली आहे. शिजल्यावर रुंदी ८ मिलिमीटर, म्हणजे गावातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७०वा भाग. हे मोजणाऱ्या माणसाला आमच्याकडे तलाठी केला असता. १९७४ साली तोर्तेल्लिनीच्या सारणाची कृतीही तिथंच रीतसर नोंदवली गेली, आणि ती रश्श्यातच खायची असा बाणा. आणि गंमत अशी की, त्याच सुमाराला आणि पुढच्या दशकात खुद्द इटलीतल्या हॉटेलांत क्रीमची लाट आली होती. तोर्तेल्लिनीवर क्रीम, पेन्नेवर क्रीम. आज तिथले खवय्ये त्या काळाबद्दल बोलताना, आपण आपल्या बेलबॉटमबद्दल बोलतो तसे बोलतात.

हिच्यासाठी लेक बुधवारी वेगळं लहान भांडं लावते. सॉसेजऐवजी पांढरा घेवडा, भाज्यांचा स्टॉक. किसलेलं पार्मेजानो नाही, कारण ते करताना वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. क्रीम हिला नको, जड पडतं. महिनाभर ही 'आपलं साधं' म्हणून ते खात होती. मी वाचनालयातून येऊन जाहीर केलं की, या घरात अस्सल इटालियन काही शिजत असेल तर ते तुझ्या भांड्यात! पास्ता आणि घेवडा, 'पास्ता ए फाजोली', इटलीतल्या गरिबांचं शेकडो वर्षांचं जेवण. मांस परवडत नाही म्हणून डाळी-कडधान्यं. अमेरिका सापडायच्या आधी त्यात चवळीच असे. आन्निबाले कार्राच्चीचं सोळाव्या शतकातलं एक चित्र आहे. शेतकरी तोंडाचा आ करून वाटीतले दाणे खातोय, आणि ते दाणे चवळीसारखेच दिसतात. चित्र पाहून ही म्हणाली, "याला कुणी जेवताना असं बघत राहू नये हो. भुकेला दिसतोय."

आणि मग तिनं जे सांगितलं ते वाचनालयात नव्हतं. ती बँकेत होती, तेव्हा फोर्टातून गिरगावात यायला सात वाजायचे. पोळ्या लाटायचं त्राण नसायचं त्या दिवशी वरणफळं. कुकरमधल्या वरणाला पाणी वाढवायचं, चिंच-गूळ, गोडा मसाला, आणि कणकेच्या लाटीचे शंकरपाळ्यांसारखे तुकडे त्यातच उकळत टाकायचे. वरून तूप. पास्ता आणि सूप, दुसरं काय? "सासूबाई विचारायच्या, आज काय केलंस? मी सांगायची, आज काही केलं नाही, वरणफळं आहेत." सव्वीस वर्षं नोकरी केली तिनं. आठवड्याला एकदा धरलं तरी हजारावर वेळा तिनं 'काही केलं नाही'. तिच्या पाककृतींच्या वहीत श्रीखंड आहे, पुरणपोळी आहे, अनारशांची दोन पानं आहेत. वरणफळं नाहीत.

पेग ब्रॅकन नावाच्या अमेरिकन बाईनं १९६० साली स्वयंपाकाचा कंटाळा असणाऱ्यांसाठी म्हणून उघडउघड एक पाकपुस्तक काढलं, ते लाखांनी खपलं. मला वाटतं, कुणीतरी छापील स्वरूपात थकायची परवानगी दिली, एवढंच त्याचं कारण. बाकीच्यांनी लाज झाकायला भारदस्त नावं शोधली. लग्नाचं सूप, तोस्कानी सूप, आजीचं सूप. आपल्या बायकांना तेवढंही सुचलं नाही. लेकीला मी म्हटलं, तू हे 'काही केलं नाही' म्हणायचं सोड. ती म्हणाली, "बाबा, मी काही केलं असं म्हटलं तर उद्या काय केलं ते विचाराल."

हिनं परवा कात्रणाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वरणफळं लिहून दिली. प्रमाण सपाट चमच्यात, कारण लेकीला 'अंदाजानं' कळत नाही. नातू दोन्ही पदार्थांना पास्ताच म्हणतो.

एक व्यावहारिक अडचण मात्र दोन्हींत आहे. रात्रभरात पास्ता सगळा रस्सा पिऊन टाकतो. गुरुवारी सकाळी झाकण काढलं की सूप नाहीसं झालेलं असतं आणि पळी उभी राहते. वरणफळांचंही तेच. यावर इटालियन शेजारीणबाईंनी सांगितलेला उपाय असा की, पास्ता वेगळ्या भांड्यात उकळून वेगळाच ठेवायचा आणि वाढताना रश्श्यात सोडायचा. उपाय अगदी बिनतोड आहे. पण त्यासाठी आणखी एक भांडं घासावं लागतं. बुधवारी रात्री ते कुणी घासायचं, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. जावई गुरुवारी डब्यात गरम पाणी घालून खातात.